पन्नास मिनिटं, विमानतळ ते विमानतळ

“बाराच्या ठोक्याला दात तुमच्या तोंडात असतील, सर,” असं मिनिटेंनी सकाळी आठ वाजता फोनवर सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं. त्यानंतर दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं एकही वाक्य इतकं शांतपणे बोललेलं नव्हतं.

मिनिटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बस आगारात वेळापत्रक विभागात ते बावीस वर्षं काम करत होते. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी पोहोचेल हे ठरवणं हे त्यांचं काम, आणि ती तेवढ्याच वाजता पोहोचली नाही तर चालकाला लेखी खुलासा मागणं हा त्यांचा स्वभाव. चालकांनी त्यांना ‘मिनिटे’ हे नाव ठेवलं, ते इतकं चिकटलं की नव्या साहेबांनी बदलून आल्यावर पहिल्याच पत्रात ‘श्री. मिनिटे यांस’ असं लिहिलं. मिनिटेंनी ते दुरुस्त केलं नाही. पत्र वेळेवर आलं होतं, एवढ्यावर ते खूश होते.

सासरे म्हणजे उच्चारसर. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्या शहरातल्या रेडिओ केंद्रात निवेदकांना बोलायला शिकवलं होतं. ‘श’ कुठे, ‘ष’ कुठे, ‘च’ जिभेच्या टोकाने कधी आणि टाळूला लावून कधी, यात त्यांचा शब्द शेवटचा. निवृत्तीनंतर ते लेकीकडे राहायला आले आणि त्यांना शिकवायला घरच्यांशिवाय कोणी उरलं नाही. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस ‘नल’ म्हणाला. सरांनी त्याच्याकडून अकरा वेळा ‘नळ’ म्हणवून घेतलं, मगच पान्याला हात लावू दिला. तोवर स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचलं होतं.

जावयाबद्दल सरांचं मत वाईट नव्हतं. मतच नव्हतं. “बसचं काहीतरी बघतात,” एवढंच ते लोकांना सांगत.

तर त्या दिवशी दुपारी साडेचार वाजता रेडिओ केंद्राच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात सरांचं भाषण होतं, तेही थेट प्रक्षेपण. केंद्राने आदल्या दिवशी दुपारी गाडी पाठवून त्यांना नेलं होतं. भाषणाच्या आदल्या दिवशी सर मौन पाळत, गळ्याला मफलर गुंडाळत आणि कवळी काढून निळ्या डबीत ठेवत. त्यांचे दात खोटे आहेत ही गोष्ट जगात चार माणसांना ठाऊक होती. एक सर, एक लेक, एक जावई आणि एक दंतवैद्य. ज्या माणसाने पस्तीस वर्षं लोकांना ‘दंत्य’ आणि ‘तालव्य’ शिकवलं त्याला दंतच नाहीत, हे बाहेर जाण्यापेक्षा सरांनी प्राण सोडले असते.

सकाळी अतिथीगृहात उठून सरांनी निळी डबी उघडली. आत बटणं होती.

लेकीची बटणांची डबीही निळीच होती. दोन्ही डब्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, लेकीनेच आणल्या होत्या, आणि ते तिला त्या दिवशी चार वेळा ऐकावं लागलं.

पावणेआठला फोन वाजला तेव्हा मिनिटे दाढी करत होते.

“जावईबापू,” पलीकडून आवाज आला, “माझे हात घरी राहिले.”

“हात?”

“हात नाही. हात.”

मिनिटेंनी फोनवर हात ठेवून बायकोला सांगितलं, “बाबा म्हणतायत हात घरी राहिले.”

“कुणाचे?”

“त्यांचेच म्हणतायत.”

“मग फोन कशाने धरलाय?” बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. मिनिटेंनी तो पुढे केला.

 मग सरांनी एकेक शब्द सोडला, “जे. तोंडात. घालतात. ते.”

बायकोने तिथूनच ऐकलं, खिडकीजवळच्या फळीवरची दुसरी निळी डबी उघडली आणि कपाळाला हात लावला. आत सरांचं संपूर्ण हास्य पाण्यात पडलं होतं.

“सव्वानऊची बस आहे,” ती म्हणाली. “तुमच्याच आगाराची. पावणेतीनला तिथे पोहोचते. चला, दोघंही जाऊ.”

इथे मिनिटेंनी पहिली चूक केली. खरंतर तेवढी एकच केली, बाकीच्या त्याच एका चुकीला फुटलेल्या फांद्या होत्या. ते टॉवेलने तोंड पुसत संगणकापुढे बसले, दोन्ही शहरांची नावं टाकली आणि समोर आलेलं पान मोठ्याने वाचलं. “दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील अंतर तीनशे अठरा किलोमीटर. प्रवासाचा वेळ पन्नास मिनिटे.”

“ते विमानतळांमधलं झालं,” बायको म्हणाली. “आपण विमानतळावर राहत नाही.”

“पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं. असं छापून टाकायला जबाबदारी लागते. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, मला सांगू नकोस. दहा पन्नासचं विमान आहे. अकरा चाळीसला मी तिथे. वीस मिनिटं शहरात जायला धर. बारा.”

“माझ्या बाबांचं नाक कापलं जाईल हो.”

“नाकाचा प्रश्नच नाही, दातांचा आहे. तू बसने ये सावकाश. मी त्यांच्याबरोबर जेवून, हात धुऊन तुला घ्यायला बसस्थानकावर येतो.”

 बायकोने पर्स उचलली आणि बसकडे निघाली. बाबांजवळ कुणीतरी असायला हवं, एवढंच म्हणाली.

सव्वाआठला मिनिटे टॅक्सीत बसले. डबीतलं पाणी ओतून, दात रुमालात गुंडाळून, डबी सदऱ्याच्या खिशात. “विमानतळ,” त्यांनी सांगितलं. “पंधरा मिनिटं.”

टॅक्सीवाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. “कुठला?”

“कुठला म्हणजे? विमानतळ.”

“पंधरा मिनिटांवरचा बंद होऊन चार वर्षं झाली, साहेब. तिथे आता फर्निचरचं प्रदर्शन भरतं. नवा एकेचाळीस किलोमीटरवर आहे.”

मिनिटे बसचे होते. विमानतळ कुठे गेला याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. पण त्या पानाला तरी ठाऊक असायला हवं होतं. “मग ते तीनशे अठरा कुठून मोजलेत?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत?” टॅक्सीवाला म्हणाला. “मी फक्त चालवतो.”

बावीस वर्षांत प्रत्येक बसचालकाने त्यांना हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी खुलासा मागितला होता. इथे मागायची सोय नव्हती. नवा रस्ता अर्धा बांधून झाला होता, उरलेल्या अर्ध्यावर खडीचे ढीग होते. एकेचाळीस किलोमीटरला एक तास पंचवीस मिनिटं लागली. मिनिटेंनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं: ‘घर ते विमानतळ, ८५ मि.’ त्याखाली रेघ ओढली. रेघ जरा जोरात ओढली गेली, कागद फाटला.

आत सुरक्षा तपासणीत त्यांच्या खिशातली डबी पट्ट्यावरून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यापुढे बसलेल्या बाईंनी मान पुढे केली, मग मागे केली, मग शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

मिनिटेंनी सरांना शब्द दिला होता. ते वाकून कुजबुजले, “दात.”

“मोठ्याने सांगा.”

“दात.”

“कुणाचे?”

“सासऱ्यांचे.”

मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं.

“सासरे कुठे आहेत?”

“तिकडे. दुसऱ्या शहरात.”

“आणि दात तुमच्याकडे?”

“हो.”

“त्यांना माहीत आहे?”

“त्यांनीच मागवलेत, बाई. साडेचारला भाषण आहे त्यांचं.”

बाईंनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी हातमोजे चढवले, रुमाल उघडला आणि वरचा भाग, खालचा भाग असं दोन्ही उजेडात धरून पाहिलं. “चांगलं काम आहे,” ते म्हणाले. “कुठे केलं?” मग त्यांनी स्वतःच्या दाढेविषयी सात मिनिटं सांगितलं. मिनिटेंना ती सात मिनिटंही वहीत लिहावी लागली, कारण संगणकावरच्या त्या पानात त्यांचा हिशेबच नव्हता.

दोन नंबरच्या दाराशी विमान लागणार होतं. तिथे ते पोहोचले तेव्हा फलकावर दोन पुसून एकतीस आलं होतं. दोन ते एकतीस हे अंतर चालत एकोणीस मिनिटांचं भरलं. एवढ्या अंतरात मिनिटेंनी शहरात चार थांबे दिले असते आणि एक विनंती थांबा. एकतीसपाशी धापा टाकत पोहोचल्यावर कळलं की विमान अजून आलेलंच नाही.

“कुठे आहे?” त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“येतंय, सर.”

“कुठून?”

“तुम्ही जिथे चाललाय तिथूनच.”

“म्हणजे ते पन्नास मिनिटांत येईल?”

मुलगी हसली. तिला नोकरीत जेवढं शिकवलं होतं तेवढंच हसली. “पन्नास मिनिटं हा हवेतला वेळ असतो, सर. तिकिटावर एक तास वीस मिनिटं आहे, पाहा.”

मिनिटेंनी तिकीट काढलं. होतं. बारीक अक्षरात, पण होतं. “म्हणजे तुम्ही आधीच अर्धा तास खिशात घालून ठेवलाय,” ते म्हणाले. “आमच्याकडे एखाद्या मार्गावर तीन मिनिटं जास्त धरली तर चौकशी लागते. आणि हा अर्धा तास धरूनही तुम्हाला उशीर?”

“सर, तुम्ही कुठे काम करता?”

“बसमध्ये.”

“अच्छा,” मुलगी म्हणाली. त्या एका ‘अच्छा’मध्ये त्यांच्या सासऱ्यांचा आवाज होता. मिनिटे खुर्चीवर जाऊन बसले.

विमान आलं सव्वाअकराला. माणसं उतरली, माणसं चढली. पावणेबाराला दार लागलं आणि मिनिटेंनी पट्टा आवळून घड्याळाकडे पाहिलं. पन्नास मिनिटं आता सुरू होणार होती. विमान दोनशे पावलं पुढे गेलं आणि थांबलं. पुढे सात विमानं उभी होती, सिग्नलला रिक्षा उभ्या असतात तशी. बाराच्या ठोक्याला, ज्या वेळी दात सरांच्या तोंडात असायला हवे होते, त्या वेळी ते जावयाच्या छातीवर टकटक वाजत होते. विमानाचं इंजिन थरथरत होतं आणि तपासणीनंतर घाईत सैल गुंडाळलेल्या रुमालात वरचे दात खालच्या दातांवर आपटत होते.

सव्वाबाराला चाकं जमिनीवरून उठली. सेवक कॉफी घेऊन आला तेव्हा मिनिटेंनी त्याला विचारलं, “आता पन्नास ना?”

“नक्की, सर.”

आणि ती खरोखर पन्नास होती. हे मिनिटेंनी नंतरही कधी नाकारलं नाही. एक वाजून पाच मिनिटांनी खिडकीखाली शहर दिसलं. नदी दिसली, पूल दिसले, रेडिओ केंद्राचा उंच मनोरासुद्धा दिसला. मिनिटे हात पुढे करून डबी खाली टाकू शकले असते तर दात थेट सरांच्या पानात पडले असते. मग शहर डावीकडे गेलं. थोड्या वेळाने उजवीकडे आलं. परत डावीकडे गेलं. वैमानिकाने सांगितलं की खाली गर्दी आहे, उतरायची परवानगी मिळेपर्यंत आपण घिरट्या घालू. मनोरा पाच वेळा दिसला. पाचव्या वेळी मिनिटेंनी शेजारच्या माणसाला हलवून जागं केलं.

“हे अंतर त्या तीनशे अठरात धरलंय का?”

“काय?” तो म्हणाला.

“आपण गोल फिरतोय ते.”

“मी झोपतो,” तो म्हणाला आणि झोपला.

एक चाळीसला विमान उतरलं. उतरून बारा मिनिटं ते जमिनीवरच फिरलं, जसं काही हवेत पुरेसं फिरणं झालं नव्हतं. मग दार उघडेना, कारण जिना आला नव्हता. जिन्याला वीस मिनिटं लागली. जिना आला, तर खाली इमारतीकडे न्यायला बस उभी. मिनिटे बसमध्ये चढले आणि दिवसात पहिल्यांदा आपल्या माणसांत आल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी चालकाला विचारलं, “किती मिनिटं?”

“भरली की सोडतो,” चालक म्हणाला.

मिनिटेंनी डोळे मिटले.

अडीचला ते बाहेर पडले. बाहेर कमानीवर मोठ्या अक्षरांत स्वागत केलं होतं आणि त्याखाली बाणासह लिहिलं होतं: ‘शहर ६७ कि.मी.’

त्या पाटीपुढे मिनिटे किती वेळ उभे होते हे त्यांच्या वहीत नाही. एकेचाळीस इकडचे, सदुसष्ट तिकडचे. एकशे आठ किलोमीटर जमिनीवरून जायचं आणि वर त्या पानाने म्हणायचं, पन्नास मिनिटं. ते पान कुणी लिहिलं असेल? त्याचं घर कुठे असेल? धावपट्टीवर? मिनिटेंना एकदम वाटलं की आपण बावीस वर्षं सरळ माणसासारखं काम केलं, ‘मंडई ते कचेरी चौदा मिनिटं’ असं लिहिलं तेव्हा मंडईत उभा असलेला माणूस चौदा मिनिटांनी कचेरीत असायचा, आणि जग मात्र या लबाडांवर विश्वास ठेवून तिकिटं काढतं. त्यात आपणही आलो. हे शेवटचं जास्त लागलं.

दोन पस्तीसला विमानतळाची बस सुटली. तीन वाजायला दहा कमी असताना बायकोचा फोन आला.

“कुठे आहात?”

“तू कुठे?”

“मी बाबांजवळ. बस पाच मिनिटं आधीच आली. रस्त्यात छान झोप झाली. बाबांचं जेवण नाही झालं, नुसती पेज घेतलीय. तुम्ही बाराला येणार होतात ना?”

“उतरलोय,” मिनिटे म्हणाले.

“कुठे उतरलाय?”

“ते विचारू नकोस.”

पलीकडे सरांचा आवाज आला. “फाडेचार,” ते म्हणत होते. “फाडेचार.”

पुढे पुलाच्या अलीकडे वाहतूक तुंबली होती. मिनिटे चालकाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याला बाजारातल्या गल्लीतून घ्यायला सुचवू लागले. ते या शहरात उभ्या आयुष्यात दोनदा आले होते. चालकाने त्यांना बसायला सांगितलं.

इकडे रेडिओ केंद्रात चार वाजले. सर मफलर नाकापर्यंत ओढून बसले होते. निर्मात्या बाई तीनदा येऊन गेल्या. “सर, आवाजाची चाचणी घेऊ या का?” सरांनी मान हलवली. “बाबा प्रक्षेपणापर्यंत मौन पाळतात,” लेक म्हणाली. बाईंना ते फार भारी वाटलं. त्यांनी जाऊन सगळ्या केंद्राला सांगितलं, त्यामुळे दारातून डोकावून मौन पाहायला माणसं येऊ लागली.

साडेचारला लाल दिवा लागला. निवेदक सरांचाच विद्यार्थी होता, आता त्याचेही केस पिकले होते. त्याने चार मिनिटं सरांचा गौरव केला आणि म्हणाला, “सर, श्रोत्यांना नमस्कार कराल?”

सरांनी हात जोडले. रेडिओवर.

लेकीने झटकन चिठ्ठी लिहून निवेदकापुढे सरकवली: ‘बाबा आधी विरामाचं महत्त्व दाखवणार आहेत.’

“श्रोतेहो,” निवेदक भारावून म्हणाला, “सर आपल्याला विराम ऐकवत आहेत.” आणि पुढची चाळीस सेकंदं शहराने, उपनगरांनी आणि आसपासच्या सगळ्या गावांनी काहीही ऐकलं नाही. कित्येकांनी रेडिओला चापट्या मारल्या.

मग सरांच्या जुन्या ध्वनिफिती लावल्या. त्या चालू असताना, चार पस्तीसला, स्टुडिओचं जाड दार उघडलं आणि मिनिटे आत आले. शेवटची पंधरा मिनिटं ते धावले होते. त्यांनी डबी पुढे केली. सर भिंतीकडे वळले, मफलर वर गेला, खाली आला. वळले तेव्हा ते उच्चारसर होते.

आणि मग सर बोलले. वीस मिनिटं बोलले. ‘शब्द’ म्हणाले तेव्हा खरंच शब्द ऐकू आला, ‘स्पष्ट’ म्हणाले तेव्हा त्यातला ‘ष’ काचेवर नखाने रेघ ओढावी तसा लख्ख उमटला. काचेपलीकडचा तंत्रज्ञ बटणांवरचा हात विसरून ऐकत राहिला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मिनिटे कोपऱ्यातल्या स्टुलावर घाम पुसत बसले होते, त्यांनाही वाटलं की चला, एवढ्यासाठी झालं ते सोसलं. ती एक मिनिटभराची शांती त्यांच्या मनाला मिळाली, आणि तिथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण सरांना समारोपाला दाखला हवा होता. त्यांची नजर जावयावर गेली, आणि सकाळी आठला जावयानेच फोनवर वाचून दाखवलेलं ते पान त्यांना आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जावयाविषयी चांगलं बोलायचं होतं.

“शब्द तोंडातून निघाला की थेट कानात उतरला पाहिजे,” सर म्हणाले. “मध्ये अडखळता कामा नये. हे माझे जावई आजच विमानाने आले. दोन विमानतळांमधलं अंतर तीनशे अठरा किलोमीटर. आणि अवघ्या पन्नास मिनिटांत मनुष्य—”

“पन्नास नाही.”

आवाज कोपऱ्यातून आला होता. तो आपलाच आहे हे मिनिटेंना जरा उशिरा कळलं.

“आठ तास वीस मिनिटं,” ते उठून उभे राहिले. “सर, तुम्ही शुद्ध बोलायला शिकवता, मग हे अशुद्ध कसं चालेल? घर ते विमानतळ पंच्याऐंशी मिनिटं. चार वर्षांपूर्वी विमानतळ उचलून नेला आणि कुणाला पत्ता नाही. दोन नंबरपासून एकतीस नंबरपर्यंत एकोणीस. रांगेत अर्धा तास. हवेत पन्नास, मान्य. मग पस्तीस मिनिटं गोल. गोल, सर. हा तुमचा मनोरा मी पाच वेळा पाहिला. जिन्याची वीस. तिथून सदुसष्ट किलोमीटर. माझी बायको साध्या बसने माझ्या दोन तास आधी आली. आणि हे लोक छापतात पन्नास मिनिटं. कुणाची पन्नास? वैमानिकाची?”

निवेदकाने मघाच मायक्रोफोन त्यांच्याकडे वळवला होता. काचेपलीकडून निर्मात्या बाई ‘चालू द्या’ अशी बोटं फिरवत होत्या. लेक मात्र दोन्ही हातांनी थांबा-थांबा करत होती, कारण नवरा उतारावर लागला की पुढे काय येतं हे तिला ठाऊक होतं.

“आणि हे सगळं,” मिनिटे म्हणाले, “खिशात कवळी घेऊन.”

लाल दिवा चालू होता.

शहराने दुसरा विराम ऐकला. पहिल्यापेक्षा तो लांब होता आणि त्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग निवेदकाने हळूच सतारीची ध्वनिफीत लावली.

कार्यक्रमानंतर तिघं केंद्राच्या उपाहारगृहात बसली. सरांनी पुन्हा मौन धरलं होतं, या वेळी दातांसकट. मिनिटेंनी दोनदा “सर, माझं म्हणजे असं झालं की...” अशी सुरुवात केली आणि दोनदा बायकोने टेबलाखालून पाय दिला. चहावर साय धरली. सर खिडकीबाहेर पाहत होते. सत्तरी ओलांडलेला तो ताठ माणूस एकाएकी खुर्चीत लहान दिसत होता, आणि ते पाहून मिनिटेंचा सगळा संताप खाली बसला. विमान कंपनी, तो जिना, ते पान, कुणावरही तो आता टाकता येईना. बोलले ते स्वतःच.

निर्मात्या बाई कागद घेऊन आल्या. “सर, सव्वीस फोन आलेत,” त्या म्हणाल्या. “अठरा वर्षांत एका कार्यक्रमाला एवढे आले नव्हते.”

सरांनी चष्मा लावून यादी घेतली. पंचवीस फोन जावयासाठी होते. एकाला विमानतळापर्यंत पोहोचायला विमानापेक्षा तिप्पट वेळ लागला होता. एकाचा जिना पाऊण तास आला नव्हता. एका बाईंना या जावईबापूंनी आपल्या गावच्या बसचं वेळापत्रकही बघावं असं वाटत होतं. सर एकेक ओळ वाचत खाली गेले. त्यांच्या भाषणाविषयी, ‘ष’विषयी, एक अक्षर नव्हतं. सव्विसाव्या ओळीवर मात्र ते थांबले. तो फोन एका नातीने आजीच्या वतीने केला होता.

मग त्यांनी लेकीकडे हात पुढे केला. “फोन दे.”

त्यांनी कागदावरचा नंबर लावला.

“कोण, नात का? आजीला दे,” ते म्हणाले. थोडा वेळ ऐकत राहिले. “हो, मीच. तू माझ्या पहिल्या तुकडीतली. संध्याकाळच्या बातम्या तू वाचायचीस. ... बोल ना. ऐकतोय मी. ... नाही, मला कळतंय. मला सगळं कळतंय, सावकाश बोल.” सरांनी चष्मा काढला. “दात गेल्यापासून तीन वर्षं कुणाशीच बोलली नाहीस? फोनवरसुद्धा नाही? अगं वेडे. ... हो, खोटेच आहेत. दोन्ही. सहा वर्षं झाली. कुणालाच कळलं नाही, आजपर्यंत.”

शेवटच्या दोन शब्दांना त्यांनी जावयाकडे पाहिलं, पण त्या पाहण्यात मघाची धार नव्हती.

“नाही, इथला नव्हे. लेकीच्या गावचा दंतवैद्य. तू ये तिकडे, मी स्वतः तुला घेऊन जातो. नंतर आपण दोघं मिळून ‘श’पासून सुरू करू.” त्यांनी फोनवर हात ठेवला आणि जावयाला विचारलं, “ती विचारते आहे, इथून निघाली तर तिकडे किती वेळात पोहोचेल?”

मिनिटेंनी तोंड उघडलं. बावीस वर्षं या प्रश्नावर ते एक क्षणही थांबले नव्हते. त्यांनी तोंड मिटलं.

“परतीची बस सकाळी दहाला सुटते, एवढं सांगा,” ते म्हणाले. “पोहोचायची वेळ मी आता कुणाला सांगत नाही.”